पुण्यातल्या परसात ॲस्परॅगस: थंडीचं काम पाण्याकडून करून घ्या

ॲस्परॅगसवरची बहुतेक पुस्तकं अशा मुलखात लिहिली गेली जिथे हिवाळ्यात जमीन गोठते. झाड वरून वाळतं, मुळांचा गड्डा जमिनीत झोपतो आणि वसंतात जाड कोंब, म्हणजे खायची भाजी, एकदम वर येतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो, पण दुपारी २८-३० अंश असतातच. एवढ्या थंडीनं ॲस्परॅगस झोपत नाही, फक्त पेंगतो. पेंगणारं झाड वर्षभर एकेक बारीक कोंब काढत बसतं आणि मालक म्हणतो, ‘आपल्याकडे हे येत नाही.’

येतं. पण झाडाला विश्रांती थंडीऐवजी तहानेनं द्यावी लागते. पेरू देशाच्या कोरड्या किनारपट्टीवर हे पीक मोठ्या प्रमाणावर होतं, आणि तिथेही थंडी नसल्यानं पाणी तोडूनच झाडं झोपवतात. आपल्या सोयीची गोष्ट अशी की नोव्हेंबर ते मे हे महिने पुण्यात बहुधा कोरडे असतात, त्यामुळे नळाची चावी खरोखर आपल्या हातात असते. पंचाईत पावसाळ्याची आहे. त्याबद्दल पुढे जरा जास्तच लिहिलंय, कारण पुण्यातली बहुतेक झाडं तिथेच दगावतात.

आधी नावाचा घोळ

नर्सरीत ‘ॲस्परॅगस’ मागितलं की तीनपैकी काहीही हातात पडू शकतं. कुंडीत लावायची, पुष्पगुच्छात घालतात ती पिसासारखी शोभेची झाडं ही त्याच कुळातली, पण खायची नव्हेत. दुसरी आपली शतावरी, म्हणजे काटेरी वेल. तिच्या मुळ्या औषधात वापरतात. तिसरा आपल्याला हवा असलेला भाजीचा ॲस्परॅगस, शास्त्रीय नाव ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस. पाकिटावर ‘ऑफिसिनॅलिस’ असल्याशिवाय पैसे देऊ नका. काही ठिकाणी भाजीच्या ॲस्परॅगसलाही शतावरीच म्हणतात, त्यामुळे नुसत्या मराठी नावावर विसंबू नका. रोपाच्या दांडीला टोचणारे काटे लागले तर ते भाजीचं नाही, एवढी खूण पुरे.

परदेशात वर्षाचे तयार गड्डे विकत मिळतात. पुण्यात ते सहसा मिळत नाहीत, म्हणून बियाण्यापासून सुरुवात करायची. ‘मेरी वॉशिंग्टन’ हा जुना सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण आहे. तो स्वस्त असतो आणि ऑनलाइन सहज मिळतो. ‘यूसी १५७’ हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संकरित वाण उष्ण हवेत जास्त चांगला चालतो, कोंबाची टोकंही उशिरा उघडतात. निवड करता येत असेल तर हाच घ्या. ‘जर्सी’ नावाचे वाण थंड प्रदेशासाठी काढलेले आहेत, त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. बियाणं ताजं असावं. जुन्या बियांची उगवण झपाट्यानं घसरते.

जागा आणि वाफा

हे बहुवर्षायू पीक आहे. एकदा लावलं की थंड देशांत पंधरा-वीस वर्षं एकाच जागी राहतं. उष्ण हवेत आयुष्य त्याहून बरंच कमी, तरी काही वर्षं ती जागा अडकणार हे धरूनच चाला. किमान सहा तास ऊन हवं. दुपारी तीननंतर सावली आली तर पुण्याच्या एप्रिलमध्ये ते चांगलंच. आंबा-नारळाच्या मुळांजवळ लावू नका.

पुण्याच्या बऱ्याच भागात वर काळी माती आणि खाली मुरूम असतो. काळी माती पाणी धरून ठेवते, आणि ॲस्परॅगसचा गड्डा पाण्यात बसला की कुजतो. म्हणून खड्ड्यात नाही, गादीवाफ्यावरच लावायचं. ४ फूट रुंद, १० फूट लांब आणि १ फूट उंच वाफा धरला तर त्यात सुमारे ८० घमेली मिश्रण बसतं. त्यात ४० घमेली माती (तांबडी किंवा गाळाची, काळीच असेल तर ३० आणि बाकी मुरूम वाढवा), २० घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि २० घमेली जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम. याशिवाय १ किलो निंबोळी पेंड आणि ३०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. सुपर फॉस्फेट नको असेल तर अर्धा किलो हाडांचा चुरा. स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत खाली सरकत नाही, म्हणून ते आत्ताच मुळांच्या खोलीवर मिसळा. नंतर वरून टाकून फारसा उपयोग होत नाही.

वाफा रचण्याआधी खालची जमीन कुदळीनं एक फूट सैल करून घ्या, नाहीतर गादीवाफा म्हणजे तळ बुजलेली परात होते. सामू (pH) ६.५ ते ७.५ चांगला. काळी माती मुळातच विम्लधर्मी असते, तिला चुना घालू नका. परदेशी लेखांत ‘चुना टाका’ असं सर्रास असतं, ते त्यांच्या आम्लधर्मी जमिनीसाठी आहे. तिथल्या जुन्या लेखांत वाफ्यावर मीठ टाकायचा सल्लाही सापडतो. ॲस्परॅगसला क्षार सहन होतात आणि तणाला होत नाहीत, एवढाच त्यामागचा हिशेब. बोअरवेलचं जड पाणी आधीच क्षार घालत असताना आपण मीठ टाकायची गरज नाही.

एका वाफ्यात दोन ओळी, ओळींमध्ये ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत ४५ सेंटिमीटर, दुसऱ्या ओळीतली रोपं पहिलीतल्या मोकळ्या जागांसमोर. अशी १२ रोपं आरामात बसतात. चौघांच्या घराला हंगामात आठवड्यातून एक-दोनदा भाजी होईल एवढं हे पीक. परदेशी पुस्तकांत माणशी दहा रोपांचा हिशेब असतो, पण तो रोज खाणाऱ्यांचा.

गच्चीवर लावायचं असेल तर २०० लिटरचा निळा ड्रम आडवा कापून त्याचे दोन भाग करा. एका भागात दोनच रोपं. तळाला १२ मिलिमीटरची आठ-दहा भोकं, आणि ड्रम विटांवर. ओल्या मिश्रणासकट एक अर्धा ड्रम सव्वाशे किलोच्या आसपास जातो, तेव्हा तो स्लॅबच्या मध्यावर न ठेवता कॉलम किंवा बीमच्या जवळ ठेवा. ग्रो बॅग असेल तर १८ बाय १८ इंच, एकच रोप. त्याहून लहान कुंडीत झाड जगतं, पण कोंब काडीएवढेच येतात. मुळं अन्न साठवणारी, दोरीसारखी जाड असतात आणि त्यांना जागा लागते.

बी आणि रोपं

दसऱ्याच्या सुमारास, पाऊस थांबल्यावर बी टाका. फेब्रुवारी-मार्चमध्येही उगवतं, पण मग कोवळी रोपं जूनच्या पावसात सापडतात आणि निम्मी जातात. ऑक्टोबरला टाकलं की जानेवारीत लावणी होते आणि पाऊस येईपर्यंत लावणीला पाच महिने झालेले असतात.

बी काळं, कडक सालीचं असतं. कोमट पाण्यात २४ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. ४ बाय ६ इंचाच्या पिशव्यांमध्ये निम्मं कोकोपीट आणि निम्मं गांडूळखत भरून प्रत्येकीत एक बी दीड सेंटिमीटर खोल. बारा रोपं हवी असतील तर पंचवीस बिया टाका. काही उगवत नाहीत आणि पुढे निवड करायलाही हात मोकळा राहतो. २५ ते २८ अंशांत उगवायला दोन ते तीन आठवडे लागतात, थंडी लवकर पडली तर चारसुद्धा. दहा दिवसांनी पिशवी उकरून बघू नका.

पहिला कोंब शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक असतो आणि त्याला गवत समजून उपटण्याचा प्रकार फार होतो. माळीबुवांना आधीच दाखवून ठेवा. त्यानंतर येणारा प्रत्येक कोंब आधीच्यापेक्षा थोडा जाड असतो. हीच रोप नीट चालल्याची खूण. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा माती वरून सुकली की पूर्ण भिजवा. रोप जमिनीलगत काळं पडून आडवं झालं तर तो मर रोग. त्याआधीच, उगवण झाल्या-झाल्या, एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळून पिशव्यांत ओतलेला बरा.

दहा-बारा आठवड्यांत तीन-चार दांड्या आणि वीतभर उंची आली की लावणी.

लावणी

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, संध्याकाळी. वाफ्यावर १५ सेंटिमीटर खोल चर काढा. पिशवी कापून मातीचा गोळा न फोडता चरात बसवा, वर फक्त दोन-तीन सेंटिमीटर माती. बाकीचा चर पुढच्या दोन महिन्यांत, नवे कोंब वर येत जातील तसा हळूहळू भरायचा. शेवटी गड्ड्यावर १० ते १२ सेंटिमीटर माती राहिली पाहिजे. उथळ राहिला तर कोंब बारीक आणि पुष्कळ येतात, शिवाय गड्डा दरवर्षी थोडा वर सरकतो आणि उघडा पडतो. फार खोल गेला तर कोंब कमी येतात आणि भारी जमिनीत कुज लागते. पहिल्याच दिवशी चर बुजवून टाकणं ही नेहमीची चूक. बारीक रोपाला तेवढी माती फोडून वर येता येत नाही.

ठिबक असेल तर उत्तम. नसेल तर झारीनं, पण पानांवर नाही, मुळाशी. फेब्रुवारीत रोपाला दिवसाआड एक लिटर. एप्रिल-मेमध्ये मोठ्या झाडाला रोज सुमारे दोन लिटर. आच्छादन हवंच. पुण्याच्या आसपास उसाचं पाचट सहज मिळतं, त्याचा चार बोटं जाड थर द्या, मात्र दांडीच्या बुडाशी दोन बोटं जागा मोकळी सोडा.

पहिलं वर्ष: काहीही काढायचं नाही

कोंब म्हणजे झाडाची दांडी आहे. तो तोडला नाही तर फांद्या फुटून त्याचा पाच फुटी हिरवा पिसारा होतो. तो पिसारा ऊन खातो, साखर तयार करतो आणि खाली मुळांत साठवतो. पुढच्या हंगामातले कोंब याच साठ्यातून येतात. पहिल्या वर्षी दोन कोंब चाखायला तोडले तर झाड मरत नाही, पण पुढच्या वर्षीचे चार कमी होतात.

या वर्षात दर तीन आठवड्यांनी पाण्यात दहापट पातळ केलेलं जीवामृत रोपाला एक लिटर, किंवा १९:१९:१९ खत लिटरला ३ ग्रॅम. हे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंतच. ऑक्टोबरात सगळ्या वाफ्याला १०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. नोव्हेंबरनंतर नत्र (नायट्रोजन) बंद, नाहीतर झोपायच्या वेळी झाड नवी पालवी काढतं.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या वाऱ्यानं पिसारा मुळापासून हलतो आणि गड्ड्याचे डोळे मोडतात. वाफ्याच्या चार कोपऱ्यांवर बांबू ठोका आणि दोन फूट, चार फूट उंचीवर सुतळीचे दोन वेढे घ्या. झाडांना एकेकटं बांधायची गरज नाही.

पहिल्या-दुसऱ्या वर्षात फुलं येतात, घंटेसारखी, हिरवट पिवळी, बारीक. इथे नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीला पुढे वाटाण्याएवढी लाल फळं धरतात. ती खायची नाहीत, विषारी आहेत. घरात लहान मुलं असतील तर तोडून टाका. फळं धरण्यात मादीची ताकद जाते आणि गळालेल्या बियांचं वाफ्यात तण होतं, म्हणून नर झाडांचं उत्पन्न जास्त भरतं. जादा रोपं पिशवीत राखून ठेवली असतील तर दोन-तीन माद्या काढून त्या जागी नर लावता येतात. सगळ्याच काढायचा हट्ट मात्र नको. मादीचे कोंब संख्येनं कमी, पण बहुधा जाड असतात.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हे चार महिने निभावले तर बाकी वर्ष सोपं. पावसात ॲस्परॅगसला तीन गोष्टी छळतात, आणि तिघींची लक्षणं वेगळी आहेत.

पहिला आणि सगळ्यात वाईट म्हणजे दांडी करपा. दांडीवर लांबट तपकिरी डाग पडतो, त्यात मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसतात आणि डागाच्या वरची दांडी वाळून जाते. ही बुरशी मातीत आणि जुन्या दांड्यांच्या खुंटांवर असते. पावसाचा थेंब मातीवर आपटून उडाला की तिच्यासकट दांडीवर जातो. म्हणून उपायही तिथूनच सुरू होतात. मातीचा कण उडू नये यासाठी मेअखेर पाचटाचा थर ताजा करा. प्रत्येक झाडावर सहा ते आठ निरोगी दांड्या ठेवून बाकीच्या कापा. दांड्यांच्या खालच्या फूटभरातल्या फांद्या काढून टाका, म्हणजे वारा खेळतो. शक्य असेल तर वाफ्यावर सहा-सात फुटांवर पारदर्शक प्लॅस्टिकचं छप्पर, बाजू उघड्या. तैवानमध्ये याच रोगापायी ॲस्परॅगसला पावसापासून आडोसा करतात. गच्चीवरच्या दोन ड्रमांना असं छप्पर करणं अवघड नाही आणि फवारण्यांच्या निम्म्या कटकटी त्यानं वाचतात.

फवारणी करायचीच तर लागण दिसण्याआधी. जूनच्या सुरुवातीला एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २.५ ग्रॅम, नंतर उघडीप मिळेल तशी दर पंधरा दिवसांनी. औषध दांडीच्या बुडापर्यंत पोचलं पाहिजे. पिसाऱ्यावर वरून शिंपडून काही होत नाही. डाग पडलेली दांडी जमिनीलगत कापून कचऱ्यात द्या, घरच्या कंपोस्टात कधीही नको.

दुसरा पानांवरचा ठिपका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खालून वर पिसारा पिवळा पडत जातो आणि सुयांसारखी पानं झडतात; जवळून पाहिलं तर राखाडी मध्य आणि तांबूस कडेचे बारीक ठिपके दिसतात. यानं झाड सहसा मरत नाही, पण साठा अर्धा राहतो. सप्टेंबरअखेर पिसारा पार उघडा पडला असेल तर तो कापा, एक घमेलं कंपोस्ट टाका आणि ऑक्टोबरच्या उन्हात नवा पिसारा येऊ द्या. ते ऑक्टोबरचे कोंब फार मोहक, जाड असतात. तोडायचे नाहीत. जानेवारीचं पीक त्यांच्यावर उभं आहे.

तिसरी मूळकूज आणि गड्डाकूज. भर उन्हाळ्यात किंवा पावसात एखादंच झाड पिवळं पडतं, पाणी दिलं तरी मान टाकतं. उकरून पाहिलं तर गड्डा आतून तांबूस तपकिरी आणि मुळं पोकळ साल राहिलेली. याला औषध नाही. ते झाड भोवतालच्या मातीसकट काढा आणि त्याच खड्ड्यात पुन्हा ॲस्परॅगस लावू नका. पाणी तुंबणं, कच्चं शेणखत आणि हंगामात हावरटपणानं तोडलेले कोंब, या तिन्हींमुळे ही कूज वाढते.

पाचटाच्या थराचा एक तोटा आहे: त्यात गोगलगायी लपतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर टाकू नका.

उन्हाळ्यातल्या किडी त्या मानानं किरकोळ. पिसारा फिकट, धुळकट दिसू लागला तर लाल कोळी. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा, आठवड्यातून दोनदा. फुलकिडे आणि मावा यांना पाच टक्के निंबोळी अर्क. कोळ्यावर गंधक मारत असाल तर एप्रिलच्या उन्हात नको, पिसारा भाजतो.

पाणी तोडणं

आता मुख्य कामाकडे. साधारण १५ नोव्हेंबरला जमिनीतल्या वाफ्याचं पाणी बंद करा. काळ्या मातीचा वाटा असेल तर पाच आठवडे, मुरमाड असेल तर चार. ड्रममध्ये माती थोडी असल्यानं पूर्ण बंद केलं तर मुळं वाळतात. तिथे पंधरा ते अठरा दिवस पुरे, आणि त्यातही दर पाच दिवसांनी एक मग पाणी. म्हणजे ड्रमचं पाणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोडायचं. या काळात अवकाळी पाऊस आला तर वाफ्यावर ताडपत्री टाका, नाहीतर सगळी तपश्चर्या पहिल्यापासून.

पिसारा हळूहळू पिवळा पडतो. पिवळा पडताना त्यातलं अन्न खाली मुळांत उतरत असतं, म्हणून हिरवा कापला तर तेवढा साठा हातचा गेला. दोन-तृतीयांश पिवळा झाला की पुरे. पुण्यात तो शेवटच्या काडीपर्यंत वाळेल अशी वाट पाहत बसलात तर थंडी निघून जाईल. डिसेंबरअखेर, फार तर संक्रांतीच्या आठवडाभर आधी, कापणी व्हायलाच हवी.

सगळ्या दांड्या जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर कापा. जुनं पाचट गोळा करून बाहेर टाका, रोग त्यातच असतो. वर चार घमेली कंपोस्ट आणि बोटभर माती पसरा. मग पाणी: पहिल्या दिवशी सगळ्या वाफ्याला मिळून सुमारे १५० लिटर, हळूहळू मुरवत, चार-पाच दिवसांनी आणखी ८० लिटर. त्यानंतर दर तीन दिवसांनी बेतानं. दहा ते वीस दिवसांत जमीन तडकते आणि जांभळट टोकाचे कोंब वर येतात. जांभळी छटा थंडीची आणि उन्हाची आहे, रोग नाही.

तोडणी

लावणीनंतरच्या पहिल्या जानेवारीत तोडणी नाही. पाणी तोडून कापणी करा, पण येणारे कोंब पिसाऱ्यासाठी सोडा. दुसऱ्या जानेवारीत तीन आठवडे, तिसऱ्या जानेवारीपासून सहा ते आठ आठवडे. उष्ण हवेत झाड बारा महिने वाढतं म्हणून काही जण याहून लवकर तोडायला लागतात. तसं केल्यावर चौथ्या वर्षी वाफा विरळ होताना दिसतो.

कोंब १८ ते २० सेंटिमीटर झाला, टोक घट्ट मिटलेलं आहे, जाडी पेन्सिलीएवढी किंवा जास्त आहे: तोडा. जमिनीलगत दोन बोटांत धरून वाकवला की कट्कन मोडतो, आणि जिथे मोडतो तिथून वरचा भाग कोवळा असतो. सुरीही चालते, पण ती मातीत खुपसून कापू नका. शेजारचे न दिसणारे डोळे कापले जातात, आणि एका झाडाची बुरशी दुसऱ्याला लागते. पेन्सिलीहून बारीक कोंब झाडाला सोडायचे.

जानेवारीत दिवसाआड फेरी चालते. फेब्रुवारीअखेर रोज सकाळी, आणि मार्चमध्ये सकाळ-संध्याकाळ. पारा तिशीच्या वर गेला की कोंब ताठ होण्याआधीच टोक पिसटायला लागतं आणि बूड दोरखंड होतं. आठ आठवडे पूर्ण झाले नसले तरी येणारे बहुतेक कोंब बारीक झाले की तोडणी त्याच दिवशी थांबवा. मुळांतला साठा संपत आल्याची ती खूण आहे. मार्चच्या मध्यानंतर तर काही झालं तरी नाही. उन्हाळा आणि पावसाळा झेलायला झाडाला पिसारा लागतो.

वाकडे कोंब आले तर वाकलेल्या बाजूला जखम शोधा: वाऱ्यानं घासलेली, खड्यानं सोललेली किंवा फुलकिड्यांनी खरवडलेली. जखमी बाजू हळू वाढते म्हणून कोंब तिकडे वळतो. खायला काही बिघडत नाही. कोंब पोकळ निघाले तर नत्र जास्त झालंय. चवीला कडवट, चिवट आले तर पाणी कमी पडलंय.

हंगाम लांबवायचा असेल तर तैवान आणि थायलंडमधली राखीव दांड्यांची पद्धत आहे. प्रत्येक झाडावर चार-पाच जाड दांड्या पिसाऱ्यासाठी वाढवायच्या आणि त्यांच्या जिवावर येणारे बाकीचे कोंब दोन-तीन महिने तोडायचे, मग जुन्या दांड्या काढून नव्या राखायच्या आणि महिनाभर विश्रांती. एका वेळी ताटात कमी पडतं, पण जास्त दिवस पडतं. तीन वर्षांच्या आतल्या झाडांवर हे करू नका, आणि पावसाळ्यात उघड्यावर तर नाहीच. गच्चीवर छप्पर असलेल्यांना मात्र ही पद्धत पाणी तोडण्यापेक्षा सोयीची वाटेल, कारण ड्रममधलं झाड तहान फार सोसत नाही.

पांढरा ॲस्परॅगस हा वेगळा वाण नसतो. कोंब जमिनीबाहेर येताच त्यावर काळी बादली पालथी घालायची, उजेड न मिळाल्यानं तो पांढरा राहतो. जानेवारीत जमतं, मार्चमध्ये बादलीखाली शिजून निघतो.

घरात आणल्यावर

तोडल्यापासून त्यातली साखर कमी होऊ लागते. म्हणूनच दुकानातला आणि परसातला यांच्या चवीत एवढा फरक. लगेच खायचं नसेल तर पेल्यात दोन बोटं पाणी घालून कोंब उभे ठेवा, वर ओलं फडकं, आणि फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस बरे राहतात. खालचा दोन इंच भाग सोलून घ्या. तुपावर जिरं, लसूण, थोडं मीठ आणि मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं. झाकण ठेवून शिजवला की शेवग्याच्या पाल्यासारखा गाळ होतो. खाल्ल्यावर लघवीला उग्र वास येतो, घाबरून डॉक्टर गाठू नका. कोंबातल्या गंधकयुक्त आम्लाचा तो परिणाम असतो आणि काही तासांत जातो.

वाफा म्हातारा होतो तेव्हा

काही वर्षांनी पाणी, खत सगळं नीट असूनही कोंब दरवर्षी बारीक आणि कमी येऊ लागतात. तेव्हा खताचा मारा वाढवून उपयोग नाही. ॲस्परॅगसची मुळं जमिनीत असे पदार्थ सोडतात की त्याच जागी नवं ॲस्परॅगस नीट वाढत नाही, शिवाय कुजीची बुरशी तिथे मुरलेली असतेच. नवं बी जुना वाफा काढायच्या सव्वादोन वर्षं आधी, दसऱ्याला, वेगळ्या वाफ्यासाठी टाका, म्हणजे जुना काढेपर्यंत नवा तोडणीला येतो. जुन्या वाफ्यात मेथी, पालक, वांगी काहीही घ्या. ड्रम असेल तर त्यातली माती पूर्ण काढून फुलझाडांच्या कुंड्यांना वापरा, ड्रम धुऊन उन्हात वाळवा आणि नव्या मिश्रणानं भरा.